अ‍ॅमेच्युअर ते प्रो बॉक्सिंग: मुंबईच्या बॉक्सरसाठी पहिल्या काही लढतींपर्यंतची वाट

वासिल लोमाचेंको २००८ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता. अ‍ॅमेच्युअर (हौशी) कारकिर्दीत ३९६ विजय आणि एकच पराभव. तरीही १ मार्च २०१४ रोजी, आपल्या दुसऱ्याच प्रो (व्यावसायिक) लढतीत, तो ओर्लांडो सालिडोकडून हरला. सालिडोच्या नावावर तेव्हा १२ पराभव होते. वजनकाट्यावर तो ठरलेल्या वजनात बसला नाही, पण लढत झाली. रिंगमध्ये उतरला तेव्हा तो लोमाचेंकोपेक्षा जवळपास ५ किलोंनी जड होता आणि १२ राउंड अंगाला चिकटून पोटावर आणि पट्ट्याच्या आसपास मारत राहिला. तंत्रात तो कुठेही वरचढ नव्हता. वजन, राउंडची संख्या आणि जवळून लढण्याची सवय, या तीन गोष्टी मात्र त्याच्या बाजूने होत्या.

मुंबईत राज्य किंवा राष्ट्रीय पातळीपर्यंत पोहोचलेला मुलगा किंवा मुलगी प्रो व्हायचं म्हणते, तेव्हा सगळं बोलणं पंचच्या ताकदीवर येऊन थांबतं. आमच्या मते पहिल्या सहा लढतींचे निकाल बव्हंशी घंटा वाजण्याआधीच ठरलेले असतात: प्रतिस्पर्धी कोण, वजन किती, राउंड किती, कागदावर काय लिहिलंय आणि नाही म्हणायचा अधिकार कोणाकडे आहे. म्हणून या लेखात सरावाइतकीच जागा काटा, करार आणि कागदपत्रांना दिली आहे.

आधी नोकरीचा आणि परतीचा प्रश्न

खेळाडू कोट्यातून पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, पोलीस किंवा सैन्यदलात असाल तर पहिला अर्ज तिथे जातो. सरकारी सेवेच्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय बाहेरचा व्यवसाय किंवा नोकरी करता येत नाही, आणि पर्स, म्हणजे लढतीचं मानधन, घेऊन लढणं त्यातच मोडतं. विजेंदर सिंग २०१५ मध्ये प्रो झाला तेव्हा तो हरियाणा पोलिसांत डीएसपी होता आणि हा प्रश्न थेट उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच्यापाशी ऑलिम्पिक पदक होतं. ज्याच्यापाशी ते नाही, त्याला विभागप्रमुखाच्या तोंडी ‘हो’वर विसंबून चालणार नाही. ना-हरकत पत्र लेखी घ्या आणि त्यात ‘मानधन घेऊन व्यावसायिक लढती’ हे शब्द स्पष्ट आहेत का ते पाहा.

दुसरा प्रश्न परतीचा. २०१६ पासून प्रो बॉक्सरना ऑलिम्पिक पात्रतेची दारं उघडली गेली, पण राष्ट्रीय स्पर्धेत आणि निवड चाचणीत कोणाला घ्यायचं हे भारतीय बॉक्सिंग महासंघाच्या नियमांवर ठरतं. प्रो लढत खेळल्यानंतर राष्ट्रीय स्पर्धेत उतरता येईल का, हे राज्य संघटनेमार्फत लेखी विचारून घ्या. वर्षभरात राष्ट्रीय पदकाची आणि त्यातून नोकरीची खरी शक्यता असेल तर ते वर्ष आधी खेळून घ्यावं, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. प्रो पदार्पण वर्षभराने झालं तर काही बिघडत नाही, हातची नोकरी मात्र परत मिळत नाही.

रिंगमध्ये नेमकं काय बदलतं

अ‍ॅमेच्युअरमध्ये तीन-तीन मिनिटांचे ३ राउंड आणि ५ जज. प्रोमध्ये ३ जज, पदार्पण बहुतेक ४ राउंडचं, मग ६, ८, १० आणि जागतिक किताबासाठी १२. महिलांचे राउंड साधारणपणे २ मिनिटांचे आणि किताबाच्या लढती १० राउंडच्या. अ‍ॅमेच्युअरमध्ये महिला हेडगार्ड घालतात, प्रोमध्ये कोणीच घालत नाही.

ग्लोव्ह्ज वेल्टरवेटपर्यंत, म्हणजे ६६.७ किलोपर्यंत, ८ औंसचे आणि त्यावर १० औंसचे. अ‍ॅमेच्युअरमधल्या १० औंसमागे जो चेहरा झाकला जातो, तो ८ औंसमागे झाकला जात नाही. दोन ग्लोव्ह्जमधून अपरकट (खालून वर येणारा पंच) आणि सरळ पंच आत शिरतो. नुसता उंच गार्ड धरून उभं राहायची सवय इथे पहिल्याच राउंडमध्ये महागात पडते.

रिंगचं मापही विचारून घ्या. अ‍ॅमेच्युअर रिंग दोरांच्या आत ६.१ मीटरची असते, प्रोमध्ये ४.९ मीटरचीही चालते. मागे सरकत जॅबवर (पुढच्या हाताच्या सरळ पंचवर) गुण घेणाऱ्याला ही मीटरभराची कपात पाचव्या-सहाव्या राउंडमध्ये जाणवते. पाय जड झालेले असतात आणि मागे दोर लवकर येतो.

गुण दोन्हीकडे १०-९ याच पद्धतीने (राउंड जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९), पण नजर वेगळी. प्रो जज स्वच्छ आणि परिणाम करणारा पंच, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव पाहतात. पटकन शिवून बाहेर पडणारे चार हलके पंच आणि समोरच्याचं डोकं मागे फेकणारा एक पंच यांत दुसऱ्याला जास्त मोल मिळतं. नॉकडाउन झाला, म्हणजे कोणी पंचने खाली पडला, की सहसा १०-८.

वजनगट निवडताना

वर्ल्ड बॉक्सिंग या हौशी बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेचे पुरुषांचे गट २०२५ पासून ५०, ५५, ६०, ६५, ७०, ७५, ८०, ८५, ९० आणि ९० किलोंवर असे झाले. प्रोमध्ये १७-१८ गट आहेत आणि ते पौंडात ठरलेले असल्याने किलोत आकडे मध्येच येतात: ५३.५, ५५.३, ५७.२, ५९, ६१.२, ६३.५, ६६.७, ६९.९, ७२.६. म्हणजे ६० किलोत लढणाऱ्यासमोर ५९ आणि ६१.२ असे दोन पर्याय आहेत.

मोठा फरक काट्याच्या वेळेचा आहे. अ‍ॅमेच्युअर स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं, म्हणून शरीर फार सुकवता येत नाही. प्रोमध्ये वजन साधारण आदल्या दिवशी होतं आणि २४ तासांहून जास्त वेळ हातात राहतो. त्यामुळे अनेक जण एक गट खाली उतरतात. भारताचा निशांत देव अ‍ॅमेच्युअरमध्ये ७१ किलोत होता, त्याच गटात त्याने २०२३ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकलं. २५ जानेवारी २०२५ रोजी लास वेगासमध्ये त्याने प्रो पदार्पण केलं ते ६९.९ किलोंच्या सुपर वेल्टरवेटमध्ये. उतरला तो किलोभरच, आणि घाई न करणाऱ्याने तेवढंच उतरावं.

साधा हिशेब असा. दोन आठवडे रोज सकाळी, शौचानंतर, रिकाम्या पोटी वजन करा आणि सरासरी काढा. नीट खाऊन-पिऊन ती ६५.५ किलो आली आणि लढत ६१.२ ला ठरली, तर ४.३ किलो उतरायचेत. त्यातले सुमारे २.३ किलो आठ आठवड्यांत खाण्यातून उतरवा, म्हणजे आठवड्याला ३०० ग्रॅम. शेवटचे २ किलो, वजनाच्या साधारण ३ टक्के, शेवटच्या पाच-सहा दिवसांत मीठ, चोथा आणि पाणी कमी करून. आकडा ५ टक्क्यांच्या वर जात असेल तर गट चुकला आहे. तो बदला. सुकलेल्या शरीरात मेंदूभोवतीचा द्रवही एका रात्रीत पूर्ववत होत नाही, त्यामुळे डोक्यावरचा मार जास्त धोक्याचा ठरतो.

मुंबईत मे-जूनमध्ये हवा इतकी दमट असते की घाम येतो, पण सुकत नाही. घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. अशा हवेत प्लॅस्टिकचा सूट घालून धावणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. तो सूट कोणी हातात दिला तर घालू नका, मग तो कोच असो की सीनियर. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. त्या वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहेत. ब्लडप्रेशरच्या साध्या गोळीतही तो घटक असू शकतो, म्हणून कोणतंही औषध नाडा या आपल्याकडच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या ‘नो युवर मेडिसिन’ अ‍ॅपवर तपासून घ्या.

१६ आठवड्यांची तयारी

चार राउंडचं पदार्पण म्हणजे पुरुषांसाठी १२ मिनिटं, अ‍ॅमेच्युअरपेक्षा तीनच जास्त. दम लागतो तो मिनिटांमुळे कमी आणि चुकीच्या वेगामुळे जास्त. अ‍ॅमेच्युअर बॉक्सर नऊ मिनिटांत सगळं रितं करायला शिकलेला असतो.

पहिले चार आठवडे जोराचं स्पॅरिंग (साथीदाराबरोबरची सराव-लढत) बंद. आठवड्यात तीन सकाळी रोडवर्क, म्हणजे धावणं: दोन दिवस ६ ते ८ किलोमीटर सावकाश, एक दिवस ८०० मीटरचे ६ तुकडे, प्रत्येकानंतर दोन मिनिटं विश्रांती. चढ हवा असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीकडे जाणारा रस्ता किंवा ठाण्याचा येऊर उत्तम. वरळी सी फेस आणि शिवाजी पार्क सपाट आहेत, ते सावकाश धावण्यासाठी ठेवा. दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि त्यात मानेचे व्यायाम न चुकता: चारही दिशांना हाताने किंवा पट्ट्याने विरोध देऊन १५-२० सेकंदांचे ३ संच.

याच काळात पाय बसवायचे. अ‍ॅमेच्युअर पंच अनेकदा पाय हवेत असताना सुटतो, कारण लगेच बाहेर पडायचं असतं. बॅगवर ४ राउंड असे करा की प्रत्येक कॉम्बिनेशनचा (सलग पंचांच्या मालिकेचा) शेवट पोटावरच्या डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या पंचने) होईल, गुडघे वाकलेले, मागची टाच वळलेली, आणि पंच लागल्यावर क्षणभर तिथेच थांबून मग कोनात सरका. तो हुक समोरच्याच्या उजव्या बरगड्यांखाली, यकृतावर बसायला हवा. पहिल्या राउंडमध्ये त्याचं फळ दिसणार नाही. तिसऱ्या-चौथ्या राउंडमध्ये समोरच्याचे हात खाली येऊ लागतात, तेव्हा दिसतं.

पाचव्या आठवड्यापासून स्पॅरिंग. आठवड्यात दोन दिवस जोराचं आणि एक दिवस फक्त तंत्राचं, त्याहून जास्त नाही. १६ औंसचे ग्लोव्ह्ज, हेडगार्ड, माउथगार्ड. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ४ राउंड, सातव्या-आठव्यात ५, नवव्या ते अकराव्यात ६, बाराव्या-तेराव्यात दोन साथीदार आलटून-पालटून ६ ते ८, चौदाव्यात पुन्हा ६. लढतीच्या १० दिवस आधी शेवटचं जोराचं स्पॅरिंग, पुढे फक्त पॅड (कोचने हातात धरलेल्या गाद्यांवर पंच) आणि हलकं काम. हेडगार्डमुळे खोक कमी पडते, मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. जिममध्ये रोज होणारं ‘वॉर’ लढतीच्या तयारीत धरू नका.

मुंबईत आपल्या वजनाचे चांगले साथीदार एकाच जिममध्ये मिळत नाहीत. नागपाड्यात बॉक्सिंगची जुनी परंपरा आहे, कांदिवलीत साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आहे, आणि उपनगरांतल्या किकबॉक्सिंग-एमएमए जिममध्ये हात चालवणारी तगडी मुलं असतात. तिथे कोचने आधी बोलून राउंड, जोर आणि वजन ठरवून मगच जावं. डावखुरा साथीदार आठवड्यातून एकदा तरी मिळायलाच हवा. जमलं तर दोन-तीन आठवडे पुणे किंवा भिवानीला शिबिर करा. तिथे एकाच दिवसात तीन वेगळ्या शैली समोर येतात.

वेगाचा सराव पॅडवर होतो. ६ राउंड घ्या, प्रत्येक राउंडचं पहिलं मिनिट सत्तर टक्के जोराने, दुसरं जॅब आणि पोटावर, शेवटच्या ३० सेकंदांत पूर्ण जोर. मधल्या विश्रांतीच्या सुरुवातीला आणि शेवटी नाडी मोजा. मिनिटभरात २५-३० ठोके उतरत नसतील तर राउंड वाढवू नका, रोडवर्क वाढवा. क्लिंचसाठी (एकमेकांना बिलगून लढण्यासाठी) वेगळे २ राउंड ठेवा: कपाळ समोरच्याच्या खांद्याशी, आपले हात त्याच्या हातांच्या आत, आणि त्याला वळवून दोराकडे न्यायचं. अ‍ॅमेच्युअरमध्ये रेफरी ‘ब्रेक’ म्हणतो आणि विषय संपतो. प्रोमध्ये बरेच रेफरी जवळून लढू देतात, आणि ज्याला तिथे काही येत नाही तो श्वास गमावतो.

पावसाळ्याचं वेगळं गणित. ओले ग्लोव्ह्ज बॅगेत तसेच राहिले की बुरशी धरतात आणि ओल्या कपड्यांमुळे गजकर्ण होतं. अंगावर संसर्गजन्य चट्टा दिसला तर डॉक्टर लढत नाकारू शकतात, मग सोळा आठवडे वाया. घरी आल्यावर ग्लोव्ह्जमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, हातपट्ट्या रोज धुवा, दुसरा जोड ठेवा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा, लेप्टोचा धोका असतो.

खाण्यात किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिनं रोज. घरच्या ताटात ती अंडी, बांगडा, चिकन, मुगाची उसळ, डाळ, पनीर आणि ताकातून भागतात. सराव संध्याकाळी सात ते नऊ असेल आणि विरार किंवा कर्जतची गाडी पकडून घरी पोहोचायला अकरा वाजत असतील, तर पहिलं खाणं जिममध्येच व्हायला हवं: दोन केळी, तीन-चार उकडलेली अंडी, ताक. घरी पोहोचेपर्यंत उपाशी राहणाऱ्याचं वजन उतरतं, पण त्यात स्नायूही जातो.

तपासण्या, दात आणि विमा

रक्ताच्या तपासण्या: एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सीबीसी. त्याशिवाय ईसीजी, बाहुली मोठी करून केलेली डोळ्यांची पूर्ण तपासणी आणि मेंदूचा एमआरआय. महिलांसाठी गर्भधारणा चाचणी. मान्यता देणारी संस्था काही वेळा यातलं निम्मंच मागते. तरीही पदार्पणाआधी एमआरआय कराच. पुढे कधी काही झालं तर ताडून पाहायला पहिली प्रतिमा हाताशी असते. किती जुना अहवाल चालतो हे संस्थेनुसार बदलतं, म्हणून तारीख ठरल्यावर लेखी विचारा.

माउथगार्ड दुकानातला उकळून बसवायचा घेऊ नका. दंतवैद्याकडून साच्यावर बनवून घ्या, एक नव्हे दोन. दुसरा कॉर्नरच्या, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यातल्या तुमच्या माणसांच्या, बादलीत राहतो.

विम्याकडे फार कमी जण बघतात. आरोग्य विम्याच्या पॉलिसींमध्ये धोकादायक खेळात ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्याने झालेल्या उपचारांना वगळणारं एक प्रमाणित कलम असतं. त्यातल्या यादीत बॉक्सिंगचं नाव नसलं, तरी यादी उदाहरणादाखलच असल्याचं तिथेच लिहिलेलं असतं. कंपनीला ईमेल करून बॉक्सिंग वगळलं आहे का हे विचारा आणि उत्तर जपून ठेवा. प्रमोटरकडून (कार्यक्रम भरवणाऱ्याकडून) लढतीच्या दिवसाचा वैद्यकीय आणि अपघात विमा करारात लिहून घ्या, रकमेसह. आणि एक प्रश्न न लाजता विचारा: रिंगजवळ रुग्णवाहिका थांबून असेल का, आणि डोक्याला मार लागला तर कुठल्या रुग्णालयात नेणार? परळ-वरळी भागात केईएमसारखं न्यूरोसर्जरी असलेलं रुग्णालय जवळ आहे. शहराबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टवर लढत असेल तर उत्तर ऐकूनच होकार द्या.

परवाना आणि नोंद

अमेरिकेत नेवाडासारख्या राज्यात कायद्याने नेमलेला आयोग लढतींवर देखरेख करतो. आपल्याकडे तशी सरकारी यंत्रणा नाही. इंडियन बॉक्सिंग कौन्सिल ही संस्था बॉक्सरना परवाने देते आणि लढतींना मान्यता देते. तुमची लढत कोणाच्या मान्यतेखाली आहे, सुपरवायझर (त्या संस्थेतर्फे देखरेख करणारा) कोण आणि निकाल बॉक्सरेकवर कोण पाठवणार, हे तीन प्रश्न प्रमोटरला आधी विचारा. बॉक्सरेक ही जगभरच्या प्रो लढतींची नोंदवही. तिथे लढत आधीपासून वेळापत्रकात दिसायला हवी. जी लढत तिथे नोंदली जात नाही तिच्यात डोक्याला मार खरा बसतो, पण रेकॉर्ड बनत नाही. ‘प्रो-अ‍ॅम’, ‘व्हाइट कॉलर’, ‘एक्झिबिशन’ अशा नावांच्या कार्यक्रमांबाबत हे आवर्जून तपासा.

करार आणि पैसा

करार तीन असतात आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. मॅनेजर तुमच्या बाजूने बोलतो, प्रमोटर कार्यक्रम भरवतो, आणि प्रत्येक लढतीचा वेगळा करार असतो. एकच माणूस मॅनेजर आणि प्रमोटर दोन्ही असेल तर तुमची पर्स वाढवण्यासाठी तो कोणाशी भांडणार? अमेरिकेने २००० साली मुहम्मद अलींच्या नावाचा कायदा केला, त्यात या दोन भूमिका वेगळ्या ठेवायचं बंधन आहे. आपल्याकडे तसा कायदा नसल्याने ते काम करारालाच करावं लागतं.

प्रमोटरशी करार करताना या गोष्टी लिहून घ्या. मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त नको. वर्षाला किमान किती लढती देणार हा आकडा हवा, चार तरी, आणि त्या दिल्या नाहीत तर करार आपोआप सुटेल हे वाक्यही हवं. किमान पर्स चार, सहा आणि आठ राउंडसाठी वेगवेगळी. ‘किताब जिंकल्यास मुदत वाढेल’ असं कलम असेल तर कोणता किताब आणि किती महिने, हे स्पष्ट. दुखापतीचा काळ मुदतीत धरायचा की नाही, तेही. प्रतिस्पर्धी नाकारण्याचा अधिकार तुमच्या कोचकडे. वाद झाल्यास लवादाचं ठिकाण मुंबई.

करार संपल्यावरही ‘पुढच्या करारावर पहिला हक्क आमचा’ असं बंधन घालणारं कलम बऱ्याचदा शेवटच्या पानावर असतं. क्रिकेटपटू झहीर खान आणि पर्सेप्ट डीमार्क यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अशा मुदतीनंतरच्या बंधनाला भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली प्रथमदर्शनी अवैध मानलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. म्हणून अशा कलमाला घाबरू नका, पण सहीही करू नका. ते खोडायला लावा. इंग्रजी कळत नसेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. सहीच्या दिवशी ‘आत्ताच करा, दुसरा मुलगा तयार आहे’ असं कोणी म्हणालं तर त्या दुसऱ्या मुलाला खुशाल जाऊ द्या.

टक्केवारी: कोचला १० टक्के ही जगभरची रूढ रक्कम. मॅनेजरची कमाल मर्यादा ब्रिटनमध्ये २५ टक्के, नेवाडात एक तृतीयांश. उदाहरणासाठी पर्स ५०,००० रुपये धरू. १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला गेला तर ५,०००. पॅन दिला नाही तर कपात २० टक्क्यांवर जाते. कोच ५,०००, मॅनेजर २० टक्क्यांनी १०,०००. उरले ३०,०००. त्यातून तपासण्या, गॉज-टेप, शिबिराचा खर्च, कॉर्नरमधल्या माणसाचं जाणं-येणं. टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळू शकतो, म्हणून प्रमाणपत्र मागून घ्या आणि शिबिराची बिलं जपा. ब्रिटनच्या छोट्या कार्यक्रमांत नवोदिताची कमाई त्याने विकलेल्या तिकिटांवर ठरते. तशी अट इथे पुढे आली तर न विकलेल्या तिकिटांचा भार तुमच्यावर नाही, हे लिहून घ्या. पहिली दोन वर्षं घर बॉक्सिंगवर चालणार नाही असंच धरून चला. सकाळची नोकरी किंवा फिटनेस ट्रेनिंगचं काम सोडू नका.

कोणाशी लढायचं

प्रो बॉक्सिंगमधलं सगळ्यात कसबाचं काम हेच. विजेंदरने १० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरमध्ये चार राउंडच्या लढतीने सुरुवात केली. मे २०१६ पर्यंत सहा लढती झाल्या, जुलैमध्ये दिल्लीत आशिया पॅसिफिक किताबासाठी १० राउंड. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ५ ऑगस्ट २०१७ रोजी झुल्पिकार मैमैतिअलीविरुद्ध पुन्हा १० राउंड, ती त्याची नववी लढत, आणि ती त्याने निसटत्या गुणांनी जिंकली. त्याच्यामागे मोठा प्रमोटर होता. तो नसेल तर वर्षाला तीन-चार लढती, पहिल्या दोन-तीन चार राउंडच्या, मग सहा, ही चाल योग्य.

नाव आलं की बॉक्सरेक उघडा. नुसता विजय-पराभवाचा आकडा फसवतो. २ विजय आणि १४ पराभव असलेला, पण बहुतेक लढती शेवटपर्यंत खेळलेला माणूस नवोदितासाठी चांगला. तो राउंड शिकवतो, क्लिंच शिकवतो. ज्याचे गेले तीन पराभव पहिल्या-दुसऱ्या राउंडमधले नॉकआउट आहेत त्याच्याशी लढून काही शिकता येत नाही, आणि त्याच्या जिवाला धोका असतो. दोन महिन्यांपूर्वी नॉकआउट झालेल्याला नाकारा. एकही लढत न झालेला प्रतिस्पर्धी सगळ्यात अवघड, कारण तो दहा वर्षांचा किकबॉक्सर असू शकतो. त्याचं नाव यूट्यूबवर आणि इतर खेळांच्या स्पर्धांत शोधा. गेल्या सहा लढतींचं वजन पाहा. तो नेहमी दोन गट वर लढत असेल तर ठरलेल्या वजनात बसेल का?

सालिडोचा प्रसंग टाळण्यासाठी लढतीच्या करारात वजन चुकल्याचा दंड लिहा. पर्सच्या २० टक्के दुसऱ्या बॉक्सरला देण्याची पद्धत बरीच चालते. शिवाय फरक किलोपेक्षा जास्त असेल तर लढत नाकारण्याचा हक्क. लढतीच्या सकाळी दुसरं वजन घ्यायची अटही घालता येते. आयबीएफ या जागतिक किताब देणाऱ्या संस्थेच्या लढतींत अशी अट राहिली आहे: त्या सकाळी वजन गटाच्या मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त वाढलेलं नको.

बँकॉक किंवा दुबईहून दहा दिवस आधी फोन येतो: विमान, हॉटेल, रोख पर्स, सहा राउंड. हा फोन तुमच्या कौशल्यासाठी क्वचितच असतो. तिथल्या स्थानिक बॉक्सरला समोर कोणीतरी हवा असतो आणि निकाल गुणांवर गेला तर परक्या गावात तो तुमच्या बाजूने लागणं कठीण. पहिल्या चार लढतींत असा फोन नाकारा. पुढे घ्यायचाच ठरला तर परतीचं तिकीट हातात, योग्य व्हिसा, स्वतःचा कोच बरोबर आणि किमान सहा आठवड्यांची तयारी.

काटा ते घंटा

वजन झाल्यावर लगेच भरपेट जेवू नका. २ किलो पाणी उतरवलं असेल तर पुढच्या चार-पाच तासांत ३ लिटर आत जायला हवं, दर २० मिनिटांनी साधारण २५० मिली. त्यातला अर्धा भाग ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. खाणं ओळखीचं: वरण-भात, दही-भात, उकडलेला बटाटा, केळी, थोडं चिकन. बाहेरचं तिखट काही नको. सलाइन लावून घेऊ नका. १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त शिरेवाटे घेणं वाडाच्या नियमांनुसार, रुग्णालयातले उपचार वगळता, प्रतिबंधित आहे.

हात बांधायला अ‍ॅमेच्युअरच्या पट्ट्या चालत नाहीत, गॉज आणि टेप लागतं. नेवाडाचा नियम नमुन्यादाखल: २ इंच रुंद मऊ गॉज, वर दीड इंची टेप, आणि मूठ आवळल्यावर टेप बोटांच्या गाठींपासून इंचभर मागे. तुमच्या लढतीचा नियम सुपरवायझरकडून आधी घ्या. बांधताना समोरच्याच्या बाजूचा माणूस पाहतो, अधिकारी सही करतो. त्याच्यासमोर पहिल्यांदा बांधणाऱ्या कोचचे हात थरथरतात आणि मनगट सैल राहतं. म्हणून शेवटच्या चार स्पॅरिंगला याच पद्धतीने बांधा. तुमच्याही माणसाने समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये जायलाच हवं.

खोक पडली तर काय, हे कॉर्नरमधल्या प्रत्येकाला पाठ हवं. रेफरीच्या मते ती पंचने झाली आणि पुढे लढत थांबली, तर तो टीकेओ (टेक्निकल नॉकआउट) पराभव. चुकून डोकं आपटल्याने झाली असेल तर बहुतेक नियमांत चार राउंड पूर्ण होण्याआधी थांबल्यास लढत निकालाविना जाते, नंतर थांबल्यास गुणपत्रिकेवर. म्हणून खोक पडताक्षणी कोचने रेफरीला विचारायचं: पंच की डोकं? रेफरीने ते जजना आणि सुपरवायझरला कळवलंय का तेही पाहायचं. कटमनपाशी (खोक सांभाळणाऱ्या माणसापाशी) १:१००० अ‍ॅड्रेनॅलिन, कापसाच्या निर्जंतुक कांड्या, व्हॅसलीन आणि बर्फात ठेवलेली लोखंडी पट्टी एवढं लागतं. पहिल्या ३० सेकंदांत सरळ दाब, मग औषध, शेवटी व्हॅसलीन. चोळायचं नाही. कॉर्नरमध्ये बोलणारा एकच.

आणि लढत थांबवण्यासाठी टॉवेल कोण टाकणार, कोणत्या परिस्थितीत, हे आदल्या दिवशी शांतपणे ठरवा. रिंगमध्ये बॉक्सर कधीच ‘बस’ म्हणत नाही.

लढतीनंतरचे दिवस

त्या रात्री एकटं राहू नका. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, झोपेतून नीट न उठणं, एक बाहुली मोठी दिसणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता १०८ ला फोन आणि सीटी स्कॅन. डॉक्टरांनी वैद्यकीय विश्रांती दिली असेल तर ती स्पॅरिंगलाही लागू आहे. अ‍ॅमेच्युअर नियमांत एका नॉकआउटनंतर किमान ३० दिवस बाहेर बसावं लागतं. प्रोमध्ये कोणी सक्ती केली नाही तरी त्याहून कमी थांबू नका. परतताना चालणं, धावणं, बॅग, पॅड, हलकं स्पॅरिंग अशी एकेक पायरी, प्रत्येकीत किमान २४ तासांचं अंतर, आणि लक्षण परतलं की एक पायरी मागे.

आठवड्याच्या आत बॉक्सरेकवर निकाल, राउंड आणि वजन बरोबर चढलंय का पाहा. चूक असेल तर सुपरवायझरकडून लेखी दुरुस्ती मागा. पर्स बँकेत आली का, टीडीएस तुमच्या पॅनवर दिसतोय का, हेही त्याच आठवड्यात. मग कोचबरोबर व्हिडिओ आवाज बंद करून पाहा आणि प्रत्येक राउंडचे गुण स्वतः लिहा. जजच्या पत्रिकेशी ते कुठे जुळत नाहीत, तिथून पुढच्या शिबिराचा पहिला महिना आखायचा.